रेंज आली की उघडणारी कपाटं

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशीची दुपार. कुणकेश्वरच्या पुळणीवर जत्रेची दुकानं उभी राहत होती, खाज्याचे ढीग रचले जात होते आणि मी देवळामागच्या कठड्यावर समुद्राकडे पाठ करून मोबाइलात डोकं घालून बसलो होतो. मामा आले. "काय रे, मगाधरना त्या मोबाइलात काय वाचतंस?"

"आपलं गाव," मी म्हटलं.

"गाव हयसर आसा. मोबाइलात कित्याक शोधतंस?"

प्रश्न बिनतोड होता. गाव इथेच आहे. पण गावाचे कागद कधीच बाहेर पडलेत. कोकणातला माणूस मुंबईला गेला तसे कोकणाचे कागदही गेले: कोणी कोलकात्याला, कोणी दिल्लीला, कोणी पणजीला, काही थेट लंडन-शिकागोला. हेही चाकरमानीच म्हणायचे. फरक इतकाच, की माणसं गणपतीला येतात आणि हे कागद रेंज आली की येतात. राष्ट्रीय ग्रंथालयं आणि अभिलेखागारं आपली कपाटं कशी उघडतात, आत काय काय सापडतं आणि त्यात आपल्या किनाऱ्याचं काय आहे, याची ही चटपटीत यादी.

चार पाकिटांचा कायदा

पुस्तक छापलं, प्रकाशन समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, संपलं? नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात पुस्तक काढणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. शिवाय मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक. म्हणजे चार पाकिटं. १९५६ मध्ये दुरुस्ती झाली आणि वर्तमानपत्रंही या जाळ्यात आली.

यातली मेख ‘पुस्तक’ या शब्दात आहे. कायद्याच्या लेखी पुस्तिका म्हणजे पुस्तकच. सुटा छापलेला नकाशा किंवा संगीताचा कागदही पुस्तकच. भाषा कुठलीही चालते. आणि पाठवलं नाही तर? दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. मोसमाच्या सुरुवातीला पन्नास रुपयांत देवगड हापूसचा एक नग तरी येईल का, शंका आहे. पण या एवढ्याशा दंडाच्या कायद्यावर देशाचं सगळ्यात मोठं कपाट भरतं.

खजिन्याची खोली, चिखलाचं पोट

हे राष्ट्रीय ग्रंथालय कोलकात्याच्या अलीपूर भागात बेल्वेडिअर नावाच्या जुन्या वाड्यात आलं. तिथे पूर्वी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर राहत. त्याच्याही आधी, १७ ऑगस्ट १७८० रोजी, वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलातला फिलिप फ्रान्सिस यांनी याच परिसरात एकमेकांवर पिस्तुलं झाडली होती. फ्रान्सिस जखमी झाला, पण जगला. कचेरीतली भांडणं अशी मिटवायचे दिवस होते ते.

२०१० मध्ये डागडुजी करताना पुरातत्त्व खात्याला तळमजल्यावर सुमारे हजार चौरस फुटांची एक खोली आढळली. दार नाही, खिडकी नाही, फट नाही. झालं! कोणी म्हणे इंग्रजांचा खजिना, कोणी म्हणे छळकोठडी. पुढच्या वर्षी भोक पाडून पाहिलं, तर आत चिखलमाती ठासून भरलेली. वरच्या इमारतीचा भार पेलायला केलेली ती भर होती. सगळ्या देशाने श्वास रोखून एका जोत्याकडे पाहिलं!

चौतीस भाषा, चौतीस वर्षं

या ग्रंथालयाची वंशावळ सांगायची तर १८३६ ची कलकत्ता पब्लिक लायब्ररी, मग लॉर्ड कर्झनच्या हस्ते ३० जानेवारी १९०३ रोजी लोकांसाठी उघडलेली इंपीरियल लायब्ररी, १९४८ मध्ये ‘राष्ट्रीय ग्रंथालय’ हे नाव आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांच्या हस्ते बेल्वेडिअरात गृहप्रवेश.

त्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल होते हरिनाथ डे. १९०७ साली ते खुर्चीवर बसले. त्यांना चौतीस भाषा येत असं सांगितलं जातं. १९११ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वयही चौतीसच होतं. वर्षाला एक भाषा, असा हिशेब पडला. आपण आयुष्यभर मालवणी, मराठी आणि तिकीट काढण्यापुरतं हिंदी एवढ्यावर भागवतो.

बंगाली सर, कोकणी नाना

राष्ट्रीय ग्रंथालयात जदुनाथ सरकार यांचा ग्रंथसंग्रह आहे. शिवाजी महाराजांवर १९१९ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे हे बंगाली इतिहासकार. त्यांचे मराठी दोस्त म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचे. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले होते. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. सरकार दरबारी त्या दप्तराचं दार अभ्यासकांना सहजी उघडत नसे. शेवटी सरदेसायांना आत प्रवेश मिळाला आणि त्यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. पाच वर्षांत ४५ म्हणजे सव्वा-दीड महिन्याला एक खंड. साठीच्या पुढच्या माणसाने, संगणक नसताना, मोडी वाचून. ‘कपाट उघडणं’ म्हणजे काय, ते इथे कळतं. नुसती किल्ली मिळून भागत नाही, आत बसून वाचणारा लागतो.

नाव चुकवा, गाव सापडेल

आता सगळ्यात कामाची युक्ती. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपले कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधायची सोय केली आहे. तिथे जाऊन कोणी ‘विजयदुर्ग’ टाकतो, फारसं काही येत नाही आणि तो फोन खिशात घालतो. इंग्रजांच्या जुन्या कागदांत विजयदुर्ग या नावाने सापडत नाही. तिथे तो ‘घेरिया’ आहे. किल्ल्याशेजारच्या गिर्ये गावावरून पडलेलं हे नाव. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेताना ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह आले, ते ‘घेरिया’वर आले. नंतर तोच किल्ला ‘विझियाद्रुग’ झाला.

मालवणचं तर आणखी अवघड. जुन्या कागदांत ते ‘मेलुंडी’ आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं बारसं केलं ‘फोर्ट ऑगस्टस’. शिवाजी महाराजांच्या किल्ल्याला असलं नाव फार दिवस टिकणार नव्हतंच. पण त्या काळच्या कागदांवर ते टिकून आहे. देवगडचं ‘देवगढ’ होतं, कुणकेश्वरातला ‘व’ कधी एका इंग्रजी अक्षराने लिहितात, कधी दुसऱ्या. तेव्हा शोधताना साहेबाच्या कानाने ऐका आणि साहेबाच्या हाताने लिहा. नाव जितकं चुकवाल तितकं गाव सापडेल.

हेलियम, ओटे आणि तीस वर्षांचा फरक

कुणकेश्वरच्याच देवगड तालुक्यात, विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर साहेबाने इथून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लागला, असं आपण सांगतो. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

आता कपाट उघडू. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन भारतात होता, पण आंध्रात, गुंटूरला. लॉकियर होता इंग्लंडात! त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीतून सूर्याच्या कडेची ज्वाळा पाहिली आणि तिच्यातली ती पिवळी रेघ टिपली. जान्सेन आणि लॉकियर दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे पदक काढलं, त्यावर दोघांचेही चेहरे.

मग साहेब विजयदुर्गला आलाच नाही? आला की! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला सर नॉर्मन लॉकियर ‘विझियाद्रुग’ला तळ ठोकून होते. ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या हाताखाली दुर्बिणी सांभाळत होते. त्या मोहिमेचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीच्या खंडांत छापला आहे आणि ते जुने खंड आता पडद्यावर उलटता येतात. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती. १८९५ मध्ये विल्यम रॅमसेने ते वेगळं काढलं होतं.

म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. साल तेवढं तीस वर्षांनी सरकलं. लोकांच्या आठवणीने दोन ग्रहणं एकावर एक ठेवली आणि एक केलं. यात विजयदुर्गचं काही कमी होत नाही. उलट एक ग्रहण बोनस मिळतं.

दर्शनिका: सरकारी, तरी वाचनीय

गॅझेटिअरला मराठीत फार देखणा शब्द आहे: दर्शनिका. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे जे खंड निघाले, त्यातला दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, साल १८८०. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हताच. तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला. म्हणून आपल्या आजोळच्या गोष्टी शोधायच्या तर रत्नागिरीच्या खंडात शिरावं लागतं. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने हे जुने खंड डिजिटल करून लोकांना खुले केले आहेत. मी कठड्यावर बसून वाचत होतो तो हाच.

त्यात आंबे आहेत, मासे आहेत, बंदरं आहेत, पडाव-मचवे आहेत, कुठल्या खाडीत किती आतवर होडी जाते ते आहे. कुणकेश्वरचं देऊळही आहे. गावात एक गोष्ट सांगतात: वादळात सापडलेल्या एका अरब व्यापाऱ्याला किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला, त्याने नवस बोलला आणि वाचल्यावर हे देऊळ बांधलं. महादेवाचं देऊळ, बांधणारा मुसलमान खलाशी, साक्षीला समुद्र. ही आख्यायिका खरी की खोटी हा वाद घालण्यापेक्षा, ती किती वर्षांपासून सांगितली जातेय हे छापील पानांवर तपासत मागे मागे जाणं जास्त मजेचं.

गव्हाच्या पैशातली मराठी पुस्तकं

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत मराठी कथा-कादंबऱ्यांची कपाटंच्या कपाटं कुठून आली? गव्हातून. देशात धान्याची टंचाई होती तेव्हा अमेरिकेचा गहू ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली आपल्याकडे आला. रेशनवरचा तो लाल गहू आठवणारे अजून आहेत. त्याची किंमत भारताने डॉलरमध्ये नाही, रुपयांत चुकवली. अमेरिकेकडे रुपयांचा ढीग साचला. तो खर्चायचा कुठे? काही रुपयांनी पुस्तकं घ्यायची ठरली. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीने भारतीय भाषांतली पुस्तकं प्रतीमागून प्रती विकत घेतली आणि तिकडच्या ग्रंथालयांना वाटली. इकडे लोक चपात्या लाटत होते, तिकडे त्याच गव्हाच्या पैशांत दिवाळी अंक जहाजावर चढत होते. ती दिल्ली कचेरी अजूनही काम करते.

आपला शब्दकोश शिकागोत

‘हा शब्द आजी वापरायची, अर्थ काय?’ असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा शिकागोहून येतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७), य. रा. दाते मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सगळे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. लष्करातल्या एका इंग्रजाने ब्राह्मण पंडितांना घेऊन कोश रचावा, तो सव्वाशे-दीडशे वर्षांनी अमेरिकेत संगणकावर चढावा, आणि आपण कुणकेश्वरच्या वाळूत बसून ‘पुळण’ या शब्दाचा अर्थ बघावा! उत्तर तर पायाखालीच होतं.

खाली गोव्यात: १५९५

बांद्याच्या पलीकडे गेलं की कागदांचं वय एकदम वाढतं. गोव्याच्या ऐतिहासिक अभिलेखागाराची सुरुवात १५९५ मधली, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याच्या हाताने. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पस्तीस वर्षं आधी! याच दप्तरात पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं आणि पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उकरून काढला. शत्रूच्या दप्तरात आपली हकिगत जास्त तपशिलात सापडते, हा इतिहासाचा जुना नियम. घरचे लोक आपल्याबद्दल कशाला लिहून ठेवतील?

पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं. आज त्याला नाव आहे सोळाव्या शतकातल्या कृष्णदास शामा याचं, म्हणजे मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या कवीचं. आणि सासष्टीतल्या जुन्या रामायण-महाभारताच्या कथांची रोमन लिपीतली हस्तलिखितं पोर्तुगालमध्ये, ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. धर्मांतर करायला आलेल्यांनी लोकांची भाषा शिकायला गोष्टी उतरवून घेतल्या, आणि म्हणून त्या गोष्टी वाचल्या.

१८९२ ची रेघ

सरकारी कागद जाळता येतो का? कायदा आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने एक रेघ आखली आहे: १८९२ पूर्वीचा कुठलाही कागद नष्ट करायचा नाही. तो इतका खराब झाला असेल की अभिलेख म्हणून कशालाच उपयोगी नाही, असं अभिलेखागाराच्या महासंचालकांना वाटलं तरच सुटका. नियम मोडून नोंदी नष्ट केल्या, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचा जन्म ११ मार्च १८९१ चा, कलकत्त्यात. त्याचा पहिला प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट, तो मुंबईच्या दप्तरात हात काळे करून गेलेला. मुंबईचं स्वतःचं अभिलेखागार तर त्याहून सत्तर वर्षांनी वडील: १८२१ चं. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ते आहे. समोरून रोज हजारो चाकरमानी जातात. त्यातल्या कितींच्या गावाचे कागद आत बांधून ठेवलेत, कोण जाणे.

तुलना करून पाहा. पुस्तक न पाठवणाऱ्याला पन्नास रुपये, कागद नष्ट करणाऱ्याला पाच वर्षं. पुस्तक पुन्हा छापता येतं, कागद एकच असतो. कायद्याला एवढं कळतं.

सातबारा: कोकणातलं सर्वाधिक वाचलं गेलेलं साहित्य

राष्ट्रीय ग्रंथालय लांब राहिलं. कोकणी माणसाचा सार्वजनिक अभिलेखाशी पहिला संबंध येतो तो सातबाराने. नावात गूढ काही नाही: तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना सात (जमीन कोणाच्या हक्काची) आणि गाव नमुना बारा (तिच्यात पीक काय), दोन्ही एका कागदावर. डिजिटल सहीचा सातबारा आता पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. कोकणात फक्त एवढंच, की जमीन अडीच गुंठे आणि नावं तीस. पणजोबांपासून सगळे हजर. मामा म्हणतात, "आमच्या सातबाऱ्यार नाव बघूक गेलंय तर लग्नाची पत्रिका वाचतंय असा वाटता."

अन्य सरकारी कागद पाहायचे तर २००५ चा माहिती अधिकार: अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस.

कोण कधी मोकळा होणार

ग्रंथालयाकडे पुस्तक आहे, स्कॅनही केलंय, मग सगळंच सगळ्यांना का दाखवत नाहीत? मध्ये कॉपीराइट उभा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं पुढचं वर्ष उजाडल्यापासून साठ वर्षं मोजायची. पूर्वी पन्नास होती; रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने दहा वाढवली.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं सर्वांची झाली. मालगुंडचे केशवसुत तर कधीच मोकळे. शिरोड्यात मास्तरकी केलेले वि. स. खांडेकर आणि वेंगुर्ल्याकडचे आरती प्रभू दोघेही १९७६ मध्ये गेले, म्हणून दोघेही १ जानेवारी २०३७ रोजी एकत्र मोकळे होतील. मंगेश पाडगांवकर २०१५ मध्ये गेले, त्यांच्यासाठी थांबायचं २०७६ पर्यंत. आज पाळण्यात असलेल्या पोराने त्या दिवशी चष्मा लावून डाउनलोड करावं.

चार ओळींत जगाची फेरी

ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं कोणीही वापरावीत म्हणून इंटरनेटवर सोडून दिली.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन केली, पण संगणकाने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला. म्हणून वाचकांनाच सांगितलं, तुम्ही दुरुस्त करा. लोकांनी कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या, फुकट! मराठी विकिस्रोतावर हेच काम थोडी मंडळी नेटाने करतात. हात कमी आहेत.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ च्या अखेरपर्यंतची एकूण एक जाहीर ट्वीट्स साठवली. मग थकली. आता निवडकच घेते.

आणि आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी कुठल्याही यंत्राविना, ग्रंथालयं पालथी घालून १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ मध्ये छापली. कुठलं पुस्तक कधी, कोणी, कुठे छापलं हे आजही अभ्यासक आधी ‘दाते सूची’त बघतात.

किनाऱ्याची परंपरा

कोकणाला हे सगळं परकं नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. ग्रंथालयांसाठी कायदा करण्यातही शेजारचं कोल्हापूर संस्थान पुढे होतं, १९४५ मध्येच. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला १९६७ ला. गावोगावची अ, ब, क, ड वर्गांतली वाचनालयं त्याच्याच अनुदानावर पंखा फिरवतात. रोजचा पेपर, एक लांब टेबल, वर्गणी थकलेले सभासद आणि ‘ययाती’ची पानं सुटलेली प्रत: हे आपलं राष्ट्रीय ग्रंथालयाचं शेवटचं टोक.

आणि पाचवं पाकीट

मामांना एवढं सगळं सांगून झालं. तोवर सूर्य पाण्याला टेकला होता. ते काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत जुन्या पावत्या, रेशनकार्ड आणि तळाला एक पिवळी पडलेली पुस्तिका. गावच्या एका मंडळाची जत्रेची स्मरणिका. देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात त्याची हकिगत, पंचक्रोशीतल्या मानकऱ्यांची नावं, मागे मुंबईच्या कपड्याच्या दुकानांच्या जाहिराती आणि एका पानावर वहाळावरच्या साकवाचा फोटो. तो साकव आता नाही.

मी विचारलं, "याच्या प्रती कुठे पाठवल्या होत्या?"

"कोणाक?"

"कोलकात्याला, मुंबईला, चेन्नईला, दिल्लीला. पुस्तिका म्हणजे पुस्तकच. तीस दिवसांत पाठवायची असते."

मामांनी स्मरणिकेवरचं साल पाहिलं, बोटांवर वर्षं मोजली, तीस दिवसांत ती बसेनात. मग ट्रंकेतल्या प्रती मोजल्या. पाच होत्या. चार बाजूला काढल्या, त्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि पाचवी देवगडच्या वाचनालयासाठी वेगळी ठेवली.

"उद्या पोस्टात टाकूया," ते म्हणाले. मग जरा थांबून, हळूच: "आणि त्ये पन्नास रुपये दंड मागूक लागले तर कोण भरतलो?"